आउट ऑफ सिलॅबस

शनिवारची संध्याकाळ. भांडारकर रोडवरचं आमचं नेहमीचं कॉफी शॉप, कोपऱ्यातलं नेहमीचं टेबल. आम्ही तिघं वेळेवर पोचलो, म्हणजे फक्त वीस मिनिटं उशिरा. चौथा मास्तर, तो नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन पुस्तक उघडून बसलेला.

मास्तर हे त्याचं ग्रुपमधलं नाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत तोही आमच्यासारखाच हिंजवडीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपायचा. मग एके दिवशी त्यानं पेपर टाकले, इतिहासात एमए केलं, सेट काढली आणि आता दोन कॉलेजांमध्ये तासिका तत्त्वावर शिकवतो. पगाराचं विचारलं की हसतो. शिकवण्याचं विचारलं की डोळे चमकतात. त्या शनिवारी मात्र चमक जरा कमी होती.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. परवा एक स्लाइड खाल्ली."

आम्हाला वाटलं, नवीन केकचं नाव असेल. पण नाही. एसवायच्या वर्गाला तो 'इतिहासाची साधनं' शिकवत होता. सतरा नंबरच्या स्लाइडवर एकाच प्रसंगाच्या तीन नोंदी शेजारी शेजारी ठेवलेल्या. एक बखरीतली, एक फारसी कागदातली आणि एक इंग्रजांच्या वखारीतल्या पत्रातली. तिन्ही एकमेकींशी कडकडून भांडणाऱ्या. मग इतिहासकार काय करतो, कुणावर किती विश्वास ठेवतो, हे त्याला पोरांकडून काढून घ्यायचं होतं. त्याच्या मते अख्ख्या सेमिस्टरमधलं सगळ्यात भारी लेक्चर. तो सोळाव्या स्लाइडवर असताना दुसऱ्या बाकावरच्या एका मुलानं मोबाइल वर धरला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसला. आणि मास्तर सोळावरून थेट अठरावर गेला.

"म्हणजे त्यानं काही म्हटलं?"

"काहीच नाही."

"प्रिन्सिपॉलनी बोलावलं?"

"नाही रे. तोच तर लोच्या आहे. कुणीच काही म्हटलं नाही. मीच गप्प बसलो."

बँकेत व्हीपी असलेली आमची मैत्रीण म्हणाली, "ओव्हररिॲक्ट करतोयस." आयटीवाला मित्र म्हणाला, "सिलॅबसमध्ये आहे तेवढं शिकव ना बाबा. कशाला नसत्या भानगडी?" मी कॉफी ढवळत बसलो. पण मंडळी, ती सतरा नंबरची स्लाइड काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा सिलॅबसबाहेरचा विषय.

पुस्तक गेलं कुठे?

'सिलॅबसमध्ये आहे तेवढं शिकव' हा सल्ला ऐकायला एकदम सेफ वाटतो. पण सिलॅबसमध्ये असलेलं पुस्तकही सेफ असतंच असं नाही. आपल्यापैकी जे २०१०मध्ये मुंबईत कॉलेजला होते त्यांना आठवत असेल. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठात एसवाय बीएच्या इंग्रजीच्या मुलांना होती. १९९१ साली आलेली, बुकरच्या शॉर्टलिस्टपर्यंत गेलेली. गोष्ट १९७१च्या मुंबईतली, एका पारशी बँक कारकुनाची. तिच्यातल्या पात्रांच्या तोंडी शिवसेनेबद्दल आणि मराठी माणसांबद्दल असलेली वाक्यं आक्षेपार्ह आहेत, अशी तक्रार झाली. पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. आदित्य ठाकरे तेव्हा सेंट झेवियर्सचे विद्यार्थी होते, तक्रार त्यांनी पुढे नेली. कुलगुरू होते राजन वेळूकर. त्यांनी आपले तातडीचे अधिकार वापरले आणि अवघ्या दिवसभरात पुस्तक अभ्यासक्रमाबाहेर गेलं.

गंमत म्हणजे मिस्त्री स्वतःही झेवियर्सचेच. १९७५ साली कॅनडाला गेले, तिथे काही वर्षं बँकेत नोकरी केली. म्हणजे लेखक आणि तक्रारदार एकाच कॉलेजच्या कँटीनमध्ये चहा प्यायलेले! त्याच कॉलेजचे तेव्हाचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हास यांनी पुस्तक काढण्याला उघड विरोध केला, हेही नोंदवायला हवं.

आता जरा फंडा क्लिअर करू. एखाद्याला ती कादंबरी आवडली नाही, राग आला, तर त्यात गैर काय? काहीच नाही. राग येण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण विद्यापीठात पुस्तक लावायचं किंवा काढायचं, तर त्याचा एक रस्ता असतो. विषयाचं अभ्यास मंडळ असतं, त्याच्यावर विद्या परिषद असते. तिथे त्या विषयातली माणसं बसतात, वाद घालतात, मग ठरवतात. २०१०मध्ये पुस्तक बदललं हा प्रश्न छोटा. ज्या रस्त्यानं ते बदललं, तो शॉर्टकट पुढच्या सगळ्यांना दिसला, हा प्रश्न मोठा.

पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात तसंच घडलं. ए. के. रामानुजन यांचा 'थ्री हंड्रेड रामायणाज' हा निबंध बीए ऑनर्सच्या इतिहासाला होता. रामकथा देशोदेशी, भाषोभाषी किती वेगवेगळ्या रूपांत सांगितली गेली, याबद्दलचा. (हे रामानुजन १९५०च्या दशकात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकले होते, बरं का.) २००८मध्ये त्यावरून इतिहास विभागात तोडफोड झाली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, चार तज्ज्ञांची समिती बसली. चारपैकी तिघांचं मत निबंध ठेवावा असं होतं. तरीही ऑक्टोबर २०११मध्ये विद्या परिषदेनं तो काढून टाकला. इथे रस्ता रीतसर होता, पण तज्ज्ञांचं ऐकायचं नाही हे आधीच ठरलेलं असल्यासारखं सगळं घडलं.

आभार मानल्याची शिक्षा

आम्ही बसलो होतो त्या टेबलापासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर हाकेच्या अंतरावर आहे. १९१७ची संस्था. महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेनं सिद्ध केली. या रस्त्यावरून आपण रोज गाडी दामटतो, पण ५ जानेवारी २००४ला तिथे काय झालं हे आपल्यातल्या किती जणांना नीट आठवतं?

जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक २००३मध्ये आलं. त्यातल्या मजकुरानं लोक दुखावले, संतापले. आणि ऐका, पुण्यातल्या इतिहास अभ्यासकांनीच आधी प्रकाशकाला पत्र लिहून आक्षेप नोंदवला होता. प्रकाशकानं नोव्हेंबरमध्ये पुस्तक मागेही घेतलं. म्हणजे अभ्यासाला अभ्यासानं, लिखाणाला लिखाणानं उत्तर देण्याचं काम सुरू झालेलं होतं. तरी डिसेंबरमध्ये संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांना काळं फासलं गेलं. त्यांचा गुन्हा कोणता? लेन यांनी पुस्तकात ज्यांचे आभार मानले त्यांत त्यांचं नाव होतं. नंतर राज ठाकरे यांनी त्यांची भेट घेऊन माफी मागितली. पण दोनच आठवड्यांत जमाव संस्थेत घुसला आणि ग्रंथ, पोथ्या, कपाटं यांची नासधूस झाली. ज्येष्ठ इतिहासकार गजानन मेहेंदळे यांना हे इतकं लागलं, की त्यांनी निषेध म्हणून आपल्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची पानं फाडून टाकली. विचार करा. महाराजांवर आयुष्य घालवलेल्या माणसाची, महाराजांवरचीच पानं. सरकारनं त्या पुस्तकावर घातलेली बंदी शेवटी २०१०मध्ये सुप्रीम कोर्टात टिकली नाही. फाटलेल्या पानांना मात्र अपिलाची सोय नसते.

कुणी म्हणेल, हे सगळं एका बाजूचं झालं. मग आणखी मागे जाऊ. र. धों. कर्वे. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' पाहिला असेल तर किशोर कदम डोळ्यांसमोर येईल. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. वर्गात ते गणितच शिकवायचे. पण वर्गाबाहेर त्यांनी १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यावर लिहायला-बोलायला लागले. मिशनरी व्यवस्थापनाला ते पचलं नाही आणि १९२०च्याच दशकात त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी पदरमोड करून चालवलं. पुढे त्यांच्यावर खटले झाले, तेव्हा कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज कर्व्यांचं म्हणणं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर म्हणून लावतात. तेव्हा ते आउट ऑफ सिलॅबस होतं.

थोडक्यात काय, गप्प करणारे कुठल्याही रंगाचे, कुठल्याही धर्माचे, कुठल्याही काळाचे असू शकतात. गप्प होणारे मात्र बहुतेक वेळा मास्तरच असतात.

काहीही बोलायचं लायसन्स?

"मग काय, प्राध्यापकांनी वर्गात काहीही बोलावं?" बँकवाली मैत्रीण. प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे, नाही.

तुम्ही-आम्ही पारावर बसून काहीही बोलू शकतो. ते भाषणस्वातंत्र्य. प्राध्यापकाचं स्वातंत्र्य जरा वेगळं आहे आणि खरं तर जास्त कडक आहे. त्याला पुरावा द्यावा लागतो, पद्धत दाखवावी लागते आणि त्याच विषयातली दुसरी खमकी माणसं त्याचं म्हणणं सोलून काढतात. आयटीवाल्या मित्राला मी त्याच्या भाषेत समजावलं. "तुझा कोड कोण रिव्ह्यू करतं? टीममधला दुसरा डेव्हलपर. तो तुझी लाज काढतो, आणि ते योग्यच आहे. पण उद्या गेटवरच्या जमावानं येऊन म्हटलं, ही फंक्शन डिलीट कर, आमच्या भावना दुखावल्यात, तर?"

"तर रिलीज बोंबलेल," तो म्हणाला. मुद्दा पोचला.

आणि मास्तर मंडळींनाही एक चिमटा काढायला हवा. वीस वर्षं त्याच पिवळ्या नोट्स वाचून दाखवणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आपल्याशी सहमत नसलेल्या पोरांना इंटर्नलमध्ये मार्क कापणं हे तर उलटं टोक झालं. वर्गातलं स्वातंत्र्य दोन्ही बाजूंनी असतं. सरांना शिकवायचं आणि पोरांना 'सर, मला हे पटत नाही' म्हणायचं.

हल्लीची पद्धत

पूर्वी दगड यायचे. हल्ली मेल येतो. अशोका युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. हरियाणातलं चकाचक खासगी विद्यापीठ, सरकारी अनुदानाची भानगड नाही. मार्च २०२१मध्ये प्रताप भानू मेहता तिथून बाहेर पडले. आपण संस्थेला राजकीय अडचण ठरतोय, असं त्यांनी राजीनाम्यात लिहिलं. पाठोपाठ माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनीही राजीनामा दिला. २०२३मध्ये सब्यसाची दास या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं २०१९च्या लोकसभा निवडणुकीवर एक पेपर लिहिला. तो बरोबर होता की चूक? ते ठरवायला जगभरचे अर्थशास्त्रज्ञ होते, चिरफाड सुरूही झाली होती. पण विद्यापीठानं त्याआधीच पेपरपासून अंतर राखलं आणि दास यांनी राजीनामा दिला. मे २०२५मध्ये तिथल्याच अली खान महमूदाबाद या प्राध्यापकांना फेसबुक पोस्टवरून अटक झाली. तीन दिवसांत सुप्रीम कोर्टानं अंतरिम जामीन दिला, पण काय लिहायचं यावर अटी घालूनच.

सरकारी विद्यापीठांना जानेवारी २०२१मध्ये एक फर्मान आलं होतं. सीमा, सुरक्षा, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर किंवा 'अंतर्गत बाबी' अशा विषयांवर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर आधी परवानगी घ्या. झूमच्या लिंकसाठी परराष्ट्र खातं! देशातल्या विज्ञान अकादमींनी विरोध केला आणि महिनाभरात ते मागे घेतलं गेलं. म्हणजे एकत्र येऊन बोललं तर फरक पडतो, हेही लक्षात ठेवा.

आणि 'तिकडे सगळं कूल असतं' म्हणून एमएसला निघालेल्यांनो, तिकडचंही ऐका. एप्रिल २०२५मध्ये ट्रम्प सरकारनं हार्वर्डचा २.२ अब्ज डॉलरचा संशोधन निधी गोठवला, कारण विद्यापीठानं सरकारच्या मागण्या मान्य केल्या नाहीत. मे महिन्यात परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेण्याचा प्रयत्न झाला, कोर्टानं तो रोखला. निधी गोठवणं बेकायदा असल्याचा निकाल सप्टेंबरमध्ये लागला. दरम्यान जूनपासून स्टुडंट व्हिसासाठी सोशल मीडिया प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलं जाऊ लागलं. म्हणजे रात्री दोन वाजता टाकलेली पोस्टही आता तुमच्या ॲडमिशनचा भाग.

गप्प बसण्याचं गणित

पण मास्तरला ना कुणी दगड मारला, ना मेल पाठवला. मग तो का घाबरला? याचं उत्तर त्याच्या पे-स्लिपमध्ये आहे. खरं तर त्याला पे-स्लिपच नाही.

तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घ्याल तितके पैसे. दिवाळीची सुट्टी, पैसे नाहीत. परीक्षेचा महिना, पैसे नाहीत. आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत असं लिहिलेलं होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाऊन बघा, आणि मग हसायचं की रडायचं ते तुम्ही ठरवा. अशा माणसाला गप्प करायला मोर्चा लागत नाही. त्याला काढून टाकावंही लागत नाही. जूनमध्ये फक्त फोन करायचा नाही, एवढंच.

पर्मनंट नोकरी म्हणजे आराम, असं आपण कॉर्पोरेटवाले नाक मुरडून म्हणतो. पण शिकवण्याच्या धंद्यात पर्मनंट असण्याचं मूळ कारण आराम हे नाहीच. न आवडणारं खरं बोलल्यावरही पुढच्या महिन्यात दूधवाल्याचं बिल भरता यावं, हे कारण आहे.

आपल्याला काय त्याचं?

आपण तर डिग्री घेऊन सुटलो. खरंय. पण उद्या आपल्या डॉक्टरनं औषधाबद्दलचा नकोसा डेटा लपवायला शिकलेलं आपल्याला चालेल? आपल्या नदीचं पाणी तपासणाऱ्या प्राध्यापिकेनं रिपोर्टमधली एक स्लाइड खाल्ली तर? सोळावरून अठरावर जायची सवय इतिहासाच्या वर्गात लागते आणि तिथेच थांबत नाही.

म्हणून धाकट्या भावंडांसाठी कॉलेज शोधताना प्लेसमेंट, हॉस्टेल आणि कँटीनसोबत आणखी पाच गोष्टी विचारा. जर्मनीतलं एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठ आणि स्वीडनमधली व्ही-डेम संस्था मिळून देशोदेशींचा शैक्षणिक स्वातंत्र्याचा निर्देशांक काढतात, त्यात याच पाच गोष्टी बघतात. (आपल्या देशाचा आकडा गेल्या दशकभरात चांगलाच घसरलाय.) आपल्या भाषेत त्या अशा:

१. विषय शिक्षक निवडतात की वरून येतो?
२. शिक्षकांना परिषदांना जाता येतं का, लिहिलेलं छापता येतं का?
३. कॉलेजचे निर्णय कॉलेज घेतं की कुणाचा तरी फोन?
४. कॅम्पसवर भीती आहे का, कुणाची पाळत आहे का?
५. शिक्षकांना आपल्या विषयावर जाहीरपणे बोलता येतं का?

पाचही उत्तरं ब्रोशरमध्ये सापडणार नाहीत. एखाद्या सीनियरला चहा पाजा, दहा मिनिटांत कळतील.

हा कॉलम लिहून होत आला तेव्हा, गुरुवारी दुपारी, मास्तरचा मेसेज आला.

"आज सतरा दाखवली."

मी मीटिंगमध्ये होतो, तरी लगेच टाइप केलं. "मग? तो मुलगा?"

"त्याला सरळ विचारलं, रेकॉर्ड का करतोस. त्याचा रूममेट दिवसा डिलिव्हरीचं काम करतो, लेक्चरला येता येत नाही. त्याच्यासाठी."

मी दोन मिनिटं फोनकडे बघत बसलो. मग विचारलं, "आणि वर्ग? काही राडा?"

"तीन नोंदींवरून पाऊण तास कचाकचा भांडले. बेल झाली तरी उठेनात. शेवटी एकीनं हात वर केला."

"काय म्हणाली?"

"सर, हे परीक्षेला आहे का?"